सांध्यांचे दिवे : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत युरोपातील लेथ, ड्रिलिंग मशीन, शिवणयंत्रे आणि नकाशे काढण्याची टेबले यांच्या कडेला बसवलेले, हाताने ओढून हवे तेथे नेता येणारे आणि नेल्या जागी टिकून राहणारे जे विजेचे दिवे तयार झाले, त्यांचा संग्रह व जीर्णोद्धार हा या ग्रंथाचा विषय आहे. अशा दिव्यांना येथे ‘सांध्यांचे दिवे’ म्हटले आहे. दोन किंवा अधिक दांड्या, त्यांना जोडणारे फिरते वा वाकते सांधे, टोकाला धातूची शेड आणि बुडाशी यंत्राला, भिंतीला किंवा टेबलाला घट्ट धरणारी बैठक एवढे घटक ज्यात आहेत, तो दिवा या व्याख्येत बसतो. छताला टांगलेल्या तामचिनीच्या मोठ्या शेडी किंवा जहाजांवरचे जाळीचे दिवे हेही संग्राहकांच्या आवडीचे असले, तरी त्यांचा विचार येथे प्रसंगानेच केला आहे. कारण एकदा टांगलेला दिवा आपल्या जागी राहतो आणि सांध्यांचा दिवा दिवसातून अनेकदा हलतो, आणि दुरुस्त करणाऱ्याची खरी कसोटी या हालचालीतच लागते.

हे दिवे याच काळात का निर्माण झाले, याचे उत्तर कारखान्याच्या रचनेत सापडते. एकोणिसाव्या शतकातील यंत्रशाळेत एकाच इंजिनाची शक्ती छतालगतच्या लांब फिरत्या दांड्याकडे, म्हणजे लाइन शाफ्टकडे, नेली जाई आणि तेथून चामड्याच्या पट्ट्यांनी ती खालच्या प्रत्येक यंत्रापर्यंत उतरवली जाई. पट्ट्यांच्या या जंगलात वरून सोडलेला दिवा अडचणीचा ठरे आणि त्याचा उजेडही पट्ट्यांच्या व कामगाराच्या स्वतःच्या सावलीने चिरला जाई. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विद्युत मोटर मिळू लागली, तसे यंत्र खिडकीची आणि शाफ्टची जागा सोडून हवे तेथे उभे राहू लागले आणि त्याला स्वतःचा उजेडही लागू लागला. याच सुमारास बल्बही बदलला. विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार ओढण्याची रीत १९१०च्या आसपास सिद्ध केली आणि १९१३मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून ती तार अधिक तापवणे शक्य केले. पण असा बल्ब इतका प्रखर होता की उघडा ठेवल्यास डोळे दिपत. त्यामुळे डोळ्याला बल्ब दिसू न देणारी खोल शेड आणि तिला कामाजवळ आणणारा हात या दोन्हींची गरज एकाच वेळी निर्माण झाली.

पुढे नळीचे दिवे आल्यावर ही गरज संपायला हवी होती, परंतु ती संपली नाही, आणि त्याचे कारण अगदी नेमके सांगता येते. पन्नास हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी जुन्या पद्धतीची नळी सेकंदाला शंभर वेळा तेजाळते आणि मंदावते. लेथचा चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला पंचवीस फेऱ्यांनी, फिरत असेल, तर एका सेकंदात त्याचे जबडे शंभर वेळा त्याच त्या जागी येतात. नळीच्या प्रत्येक झळाळीला डोळ्यापुढे तेच चित्र उभे राहते आणि वेगाने फिरणारा चक थांबल्यासारखा भासतो. या भ्रमाला स्ट्रोबोस्कोपिक परिणाम म्हणतात आणि यंत्रावर हात ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तो जिवावरचा आहे. तारेचा बल्ब प्रवाह क्षणभर ओसरला तरी तापलेला राहतो व त्याचा उजेड जवळपास अखंड असतो. म्हणून वर नळ्या लागल्यानंतरही यंत्राशेजारी बल्बाचा सांध्यांचा दिवा दीर्घकाळ टिकून राहिला. आज बैठकीच्या खोलीत शोभेसाठी ठेवलेल्या कित्येक दिव्यांचे आयुष्य मुळात या एका धोक्याने लांबवले आहे, हे त्यांच्या खरेदीदारांना ठाऊक असतेच असे नाही.

या दिव्यांच्या कर्त्यांकडे पाहता एक गोष्ट लगेच लक्षात येते की, त्यांतील बहुतेक जण शोभेच्या वस्तू घडवणारे नव्हते. जर्मनीत थुरिंगिया प्रांतातील औमा येथे कारखाना चालवणाऱ्या कुर्ट फिशर या अभियंत्याने १९१९मध्ये भिंतीवरून कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या हातावर दिवा पुढे आणण्याची रचना केली. ‘मिडगार्ड’ या नावाने विकले गेलेले त्याचे दिवे नंतर देसाऊ येथील बाउहाउस या कलाशाळेच्या इमारतीत वापरले गेले. फ्रान्समध्ये बेर्नार-आल्बाँ ग्रास यांनी १९२१मध्ये आपला दिवा आणला. त्याच्या मूळ रचनेतील सांध्यांत ना स्क्रू होता ना झाळण, आणि पुढे ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने तो आपल्या कार्यालयात वापरल्यामुळे कारखान्यातील ही वस्तू अभिजनांच्या टेबलावर चढली. लियोंचे मेकॅनिक ज्याँ-लुई दोमेक यांना बाजारात मिळणारे दिवे आपल्या यंत्रांवर टिकणारे वाटले नाहीत, म्हणून त्यांनी १९५०मध्ये स्वतःच एक दिवा घडवला आणि १९५३मध्ये आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जिएल्दे’ ही कंपनी काढली. सांध्यातून तार नेली की ती वाकून वाकून आतल्या आत तुटते, हे यंत्रशाळेतील रोजचे दुखणे ओळखून दोमेक यांनी सांध्यांतून तार नेण्याचेच टाळले व सांध्याच्या आत बसवलेल्या धातूच्या स्पर्शकांमधून प्रवाह पुढे नेला. परिणामी या दिव्याचा हात कितीही फिरवला तरी तारेला पीळ पडत नाही.

वरील दिवे मुख्यतः घर्षणाच्या बळावर उभे राहतात, म्हणजे सांधा घट्ट आवळला जातो आणि त्या आवळण्यामुळे दांडी खाली घसरत नाही. याची मर्यादा उघड आहे. सांधा सैल केला तर दिवा मान टाकतो आणि घट्ट केला तर तो हलवायला दोन हात लागतात, शिवाय वापराने घासला गेलेला सांधा वरचेवर आवळावा लागतो. या पेचातून निराळी वाट काढली ती जॉर्ज कार्वर्डाइन (१८८७–१९४७) या इंग्लंडमधील बाथ येथील अभियंत्याने. मोटारगाड्यांच्या कारखान्यात काम केलेल्या या गृहस्थाचा अभ्यास होता तो गाडीच्या हादऱ्यांना तोंड देणाऱ्या स्प्रिंगांचा, आणि वजन, दांड्या व स्प्रिंगा यांची अशी जुळणी शोधण्याचा की ज्यात वजन कोठेही नेले तरी तेथेच तरंगत राहील. या जुळणीचे पेटंट त्याला १९३२मध्ये मिळाले. तिचा उपयोग दिव्यासाठी होऊ शकतो हे त्याच्या लक्षात आल्यावर स्प्रिंगा पुरवण्यासाठी त्याने रेडिच येथील हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंगांच्या कारखानदारांकडे धाव घेतली. त्या कारखान्यानेच पुढे ‘अँगलपॉइझ’ हा दिवा बाजारात आणला. चार स्प्रिंगांचे पहिले रूप यंत्रशाळा व तत्सम जागांसाठी होते. १९३५मध्ये आलेले तीन स्प्रिंगांचे १२२७ क्रमांकाचे रूप घरोघर पोहोचले.

या स्प्रिंगांचे तत्त्व थोडे सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे, कारण दिवा बिघडवणाऱ्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या येथील अज्ञानातून होतात. सामान्य स्प्रिंग ताणली की तिच्या मूळ लांबीपेक्षा ती जेवढी वाढली त्या वाढीच्या प्रमाणात ती मागे ओढते. दिव्याच्या दांडीला प्रत्येक कोनात अचूक तोलायचे तर मात्र स्प्रिंगेची ओढ केवळ वाढीच्या प्रमाणात असून भागत नाही. ती तिच्या दोन टोकांमधील संपूर्ण अंतराच्या प्रमाणात असावी लागते. तसे झाले तर दांडी खाली जाताना शेडच्या वजनाची जेवढी स्थितिज ऊर्जा कमी होते तेवढीच स्प्रिंगेत साठते, वर जाताना याच्या उलट घडते, आणि एकूण ऊर्जा सर्वत्र सारखीच राहिल्याने दिव्याला कोणत्याही एका जागेची ओढ उरत नाही. ही अट साधण्यासाठी तार गुंडाळतानाच वेटोळी एकमेकांवर दाबून बसतील असा ताण तिच्यात भरला जातो, म्हणून अशी स्प्रिंग मोकळी असतानाही मिटलेली असते आणि विशिष्ट जोर लावल्याखेरीज उघडतच नाही. अशा स्प्रिंगेला शास्त्रीय परिभाषेत शून्य-लांबीची स्प्रिंग म्हणतात. गंमत अशी की टेक्सासमध्ये लूसियन लाकॉस्ट यांनी भूकंपमापकासाठी ही कल्पना मांडली तेही १९३२ हेच वर्ष होते. अर्थात प्रत्यक्ष दिव्यात ही अट अंदाजे पाळली जाते आणि उरलेली उणीव सांध्यातील थोडे घर्षण भरून काढते.

यावरून हे स्पष्ट व्हावे की, सैल पडलेल्या स्प्रिंगेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातील साधारण त्याच मापाची दुसरी अडकवणे म्हणजे दिव्याचे मर्मच काढून घेणे होय. तो दिवा दिसायला पूर्ण असतो, पण एका कोनात वर उसळतो आणि दुसऱ्या कोनात कोसळतो. नॉर्वेतील जाक याकोबसेन यांनी १९३७मध्ये या रचनेचे हक्क मिळवून ‘लक्सो एल-१’ हा दिवा काढला तेव्हा त्यांनी बाह्यरूप पुष्कळ बदलले, परंतु तोलाचे तत्त्व जसेच्या तसे ठेवले. १९८६च्या पिक्सारच्या लघुपटातील उड्या मारणारा लहानगा दिवा याच वंशातला आहे.

संग्रहाच्या बाबतीत या ग्रंथाची भूमिका बाजाराच्या भूमिकेशी जुळणारी नाही, हे येथेच नमूद करणे योग्य ठरेल. गेल्या काही दशकांत जुन्या दिव्यांना किंमत येऊ लागल्यापासून त्यांचा सगळा रंग खरवडून, खालचे पोलाद चकचकीत घासून, त्यावर पारदर्शक लाखेचा हात देऊन ते ‘औद्योगिक’ म्हणून विकण्याची रीत पडली आहे. वास्तविक कोणत्याही कारखान्याने यंत्रशाळेसाठी उघड्या पोलादाचा दिवा सहसा पाठवलेला नाही. तेल, पाणी आणि लोखंडाचा कीस उडतो तेथे असा दिवा पावसाळाभरही टिकला नसता. भट्टीत भाजून पक्का केलेला काळा, हिरवा किंवा करडा रंग, महायुद्धानंतरच्या नगांवर हातोडीने ठोकल्यासारखा दिसणारा खवलेदार रंग आणि शेडच्या आत पांढरा थर, अशी त्यांची साधारण वेशभूषा होती. रंग खरवडला की दिव्याचा बहुतेक इतिहास कचऱ्यात जातो. कारखान्याने मूळ रंगावर चढवलेला दुसरा थर, त्यावर मालमत्तेच्या नोंदीसाठी घातलेला क्रमांक, नेहमी जेथे धरले जाई तेथे बोटांनी झिजलेली शेडची कड, आणि ठिणग्यांनी पडलेले बारीक डाग यांवरून तो दिवा कोणत्या यंत्राजवळ होता आणि कामगार कोणत्या हाताने तो ओढत असे, इतकेही कधी कधी सांगता येते. अशा खुणा असलेला कळकट दिवा नव्याने रंगवलेल्या दिव्यापेक्षा अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा मानावा लागेल, भाव काहीही सांगितला जावो.

दिव्याचे वय ठरवताना कोणत्याही एका खुणेवर विसंबून चालत नाही. शेडवर ठोकलेले कंपनीचे नाव वा पेटंटचा उल्लेख, होल्डरचा प्रकार, बटण बेकलाइटचे की पितळेचे, पायाचा आकार या सर्वांचा मेळ घालावा लागतो. १२२७ अँगलपॉइझच्या चौकोनी पायाला आधी तीन पायऱ्या होत्या व पुढे दोन झाल्या, हे माहीत असलेला विक्रेता जुना पाया नव्या हातांना जोडणारच नाही असे नाही. किंबहुना हे दिवे मुळातच सुटे भाग बदलता यावेत म्हणून बनवलेले असल्याने कारखान्यातल्या फिटरनेही तसे बदल केलेले असतात, आणि तेव्हाचा प्रामाणिक बदल कोणता व आजची लबाडी कोणती, हे सांध्यातील झिजेवरून ओळखावे लागते. चाळीस वर्षे एकत्र फिरलेल्या दोन भागांची झीज एकमेकींना पुरी जुळते.

महाराष्ट्रात या विषयाचा माग काढणाऱ्याला मुंबईच्या चोरबाजाराखेरीज दारुखान्यातही जावे लागते, जेथे तोडलेल्या जहाजांचे सामान विकले जाते. मात्र तेथे ‘फॅक्टरीचा दिवा’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तूंत जहाजाच्या भिंतीवरचे जाड काचेचे व पितळी जाळीचे दिवे बरेच असतात आणि त्यांचा यंत्रशाळेशी काही संबंध नसतो. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या अनेक कापड गिरण्या बंद पडून त्यांची यंत्रे भंगारात निघाली. वजनावर होणाऱ्या त्या विक्रीत किलो-दीड किलोच्या दिव्याचा वेगळा विचार होण्याचे कारणच नव्हते.

प्रत्यक्ष जीर्णोद्धारात पहिला नियम घाई न करण्याचा. अडकलेला सांधा पाना लावून जोराने फिरवला तर स्क्रूचे डोके तुटते. त्याऐवजी गंज सोडवणारे पातळ तेल सोडून दिवस-दोन दिवस थांबावे, हलकेच ऊब द्यावी आणि मग प्रयत्न करावा. पोलादी भागांवरील गंज काढण्यासाठी विद्युत अपघटनाची पद्धत उत्तम असून तीत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजका भाग ऋण टोकाला व टाकाऊ लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडून कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडतात. तथापि तीन ठिकाणी ही पद्धत वर्ज्य आहे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावल्यास पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. अ‍ॅल्युमिनियमची शेड त्या पाण्यात टाकली तर सोडाच तिला खाऊन टाकतो. आणि स्प्रिंग ऋण टोकाला जोडली, तर पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते व वरून निरोगी दिसणारी स्प्रिंग काही दिवसांनी ताणाखाली अचानक तुटते. निकेलचा मुलामा देताना किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवताना हाच धोका असतो. त्यामुळे मुलाम्यानंतर लगेच स्प्रिंगा सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला काही तास भाजून घेण्याची पद्धत आहे. स्प्रिंग फक्त कळकटली असेल तर रॉकेल, ब्रश आणि नंतर मेणाचा पातळ थर एवढे पुरते.

तामचिनी ही लोखंडावर सुमारे आठशे अंशाला वितळवून बसवलेली काच आहे. तिचा टवका उडाला की ती जागा पुन्हा मूळ पद्धतीने भरायची तर संपूर्ण शेड भट्टीत घालावी लागते, आणि जुन्या थराचे त्यात काय होईल याची हमी नसते. म्हणून उघडा पडलेला गंज थोपवून टवका तसाच ठेवावा, हे मत येथे स्वीकारले आहे. जस्ताच्या ओतीव भागांना मात्र काही उपाय चालत नाही: धातूत शिशासारखी अशुद्धता राहून गेली असल्यास ते वर्षानुवर्षे आतून फुगतात व चिरतात, आणि अशा भागावर लावलेला स्क्रू हाच शेवटचा घाव ठरतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून तो कोरडा घासू नये; होल्डरलगत उष्णता अडवण्यासाठी घातलेली पांढरी तंतुमय चकती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते, तिला हात न लावता जाणकाराकडे द्यावी.

रंग आणि झीज यांबाबत जुने जपण्याचा आग्रह धरणारा हा ग्रंथ विजेच्या बाबतीत नेमकी उलट भूमिका घेतो. सुती वेष्टणाची रबरी तार कितीही देखणी असली तरी आतले रबर सुकून तिचा चुरा झालेला असतो. तिच्या जागी तिपदरी नवी तार घालणे अपरिहार्य आहे, आणि वर सुती विणीचे वेष्टण असलेली तशी तार मिळतेही. अर्थची तार केवळ पायाला जोडून थांबू नये, कारण सांध्यातील रंग, तेल व गंज यांमुळे पाया आणि शेड यांच्यातील विद्युत संपर्क तुटलेला असू शकतो. प्रत्येक धातूचा भाग पायाशी खरोखर जोडलेला आहे की नाही, हे मीटर लावून पाहावे. युरोपच्या मुख्य भूमीवरील बऱ्याच दिव्यांना आट्यांचा होल्डर असतो व भारतात प्रचलित असलेला दोन खुंट्यांचा होल्डर ब्रिटिश वळणाचा आहे. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या बिंदूला व न्यूट्रल आट्यांच्या कवचालाच गेले पाहिजे, अन्यथा बल्ब बदलताना बोट थेट फेजला लागते. यंत्रावरून काढलेल्या काही दिव्यांना रोहित्रामार्फत २४ किंवा ५० व्होल्टचा प्रवाह दिला जाई, म्हणजे त्यांची तार व होल्डर तेवढ्यापुरतेच बनवलेले असतात, आणि अशा दिव्याला २३० व्होल्टचा प्लग जोडून देणारा विक्रेता ग्राहकाच्या हाती काय देतो आहे, याचा विचार करावा.

राहता राहिला बल्बाचा प्रश्न. युरोपीय संघाने २००९पासून टप्प्याटप्प्याने तारेचे साधे बल्ब बाजारातून हटवल्यानंतर या दिव्यांना एलईडी बल्ब लावावा लागतो. उष्णता कमी असल्याने शेडचा रंग व होल्डर यांच्या दृष्टीने तो हितकारक आहे. घर्षणाच्या दिव्यांना त्याच्या वजनाने फारसा फरक पडत नाही. तोलाच्या दिव्याला पडतो, कारण त्याच्या स्प्रिंगा शेड, होल्डर आणि पातळ काचेचा हलका बल्ब यांच्या एकत्रित वजनाला बेतलेल्या आहेत, आणि उष्णता सोडण्यासाठी जड धातूचे बूड असलेला एलईडी बल्ब बसवला की लांब हाताच्या टोकावर वाढलेले ते काही ग्रॅम दिव्याला खाली झुकवतात. त्यावर सांधे आवळणे हा सोपा उपाय असला तरी तो अवलंबू नये. तारेच्या बल्बाइतक्याच वजनाचा एलईडी बल्ब तराजूवर तोलून निवडावा, आणि तो बसवल्यावर सांध्यांचे स्क्रू सैल ठेवूनच दिवा वर, खाली व पूर्ण पुढे नेऊन पाहावा.